पाऊस आणि दगड एकाच वहीत: सह्याद्रीच्या आजूबाजूला राहणाऱ्या हौशी माणसासाठी

दरवर्षी जूनमध्ये तोच वाद असतो, एकजण म्हणतो आमच्याकडे धो धो पडला, दुसरा म्हणतो छे, नुसती भुरभुर होती, आणि दोघं एकाच गावातले असतात. धो धो म्हणजे किती ते कुणीच मोजलेलं नसतं. मीही आधी असाच होतो, मग पाऊस मोजायला लागलो, आणि दगडांचा नाद आधीपासून होताच, त्याची वही वेगळी होती. एकदा मे महिन्यात दोन्ही वह्या सहज शेजारी ठेवल्या, एकात कुठल्या पावसाळ्यात किती पडला ते, दुसऱ्यात कुठला झरा कधी आटला ते, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला की अरे हे एकच काम आहे, आपण उगाच दोन वह्या करून बसलोय. वरून किती आलं हे पाऊस सांगतो, आणि आलेलं गेलं कुठे हे दगड सांगतो. तेव्हापासून वही एकच. ती कशी ठेवायची ते सगळं इथे लिहितोय, कोकण, मावळ, देश, कुठेही राहत असाल तरी चालेल, यंत्रं फार लागत नाहीत.

वही मोठी घ्या, उघडल्यावर डावं पान आकाशाचं, उजवं पान जमिनीचं. डावीकडे रोजची ओळ: तारीख, पाऊस, हवेचा दाब, वारा कुठून, ढग कसे. उजवीकडे रोज काही लिहायचं नाही, आठवड्यातून एकदा विहीर किंवा झरा, आणि फिरायला गेलात की दगड. अॅपमध्ये लिहू नका असं मी म्हणणार नाही पण माझा एक फोन पाण्यात गेला आणि दीड वर्षाचा डेटा त्याच्याबरोबर गेला, तेव्हा कागद आधी आणि महिनाअखेरीला पानांचे फोटो काढून ठेवायचे, ही आपली पद्धत.

पर्जन्यमापक घरी करायचा

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एवढं एक समजलं की बाकी सगळं त्यातूनच निघतं. पाऊस मोजायचं भांडं कुठलंही चालतं पण तोंडापासून बुडापर्यंत सरळ भिंतीचं हवं, बादली चालत नाही कारण ती वर रुंद खाली अरुंद असते, बादलीत पट्टी बुडवून आलेला आकडा फेकून द्यायचा. सरळ डबा असेल तर पट्टी बुडवा आणि वाचा, झालं.

मला जास्त आवडते ती वजनाची पद्धत. मोठी प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा म्हणजे नरसाळं होतं, पाणी उडून जात नाही आणि पानं पडत नाहीत. आता तोंडाचा व्यास नीट मोजा. समजा १० सेंटीमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलिलिटर पाणी जमणार, आणि पाण्याचं १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम, तेव्हा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाणी तोला आणि ७.८५ ने भागा. १५७ ग्रॅम भरलं तर २० मिलिमीटर. पट्टीपेक्षा हे कितीतरी अचूक येतं, विशेषतः थोड्या पावसात.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, २०० मिलिमीटरच्या दिवशी याच तोंडातून दीड लिटरच्या वर पाणी येईल आणि बाटली रात्रीतच भरून वाहील. म्हणून बाटली एका मोठ्या बरणीत उभी करायची, सांडलेलं बरणीत जमतं, सकाळी दोन्ही मिळून तोलायचं. फक्त बरणीचं तोंड बाटलीभोवती झाकलेलं हवं, नाहीतर बरणी स्वतःच पाऊस गोळा करत बसते. ही चूक मी केली आहे, एका झडीत माझं अंगण आंबोलीला मागे टाकत होतं.

ठेवायचं कुठे हा खरा प्रश्न. भांड्याचं तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटर वर, खाली गवत किंवा खडी म्हणजे शिंतोडे उडून आत जात नाहीत, आणि झाड-भिंत यांची जेवढी उंची त्याच्या निदान दुप्पट लांब. शहरात हे कुणाला जमत नाही, माहितीये, मग गच्चीवर ठेवा, पण कठड्याला चिकटवून नको, मध्यात ठेवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की जागा गच्ची आहे. वारा असला की गच्चीवरचं माप थोडं कमी येतं, येऊ दे. जागा मात्र बदलायची नाही. दरवर्षी जागा बदललेल्या अचूक मापापेक्षा एकाच जागेवरचं थोडं चुकीचं माप जास्त कामाचं असतं, कारण तुलना करता येते.

साडेआठचा नियम

हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, मागच्या २४ तासांचा, आणि तो आजच्या तारखेला लिहितं. म्हणजे काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या नावावर. नवीन माणूस इथे हमखास गडबडतो, पेपरातला आकडा आणि आपला आकडा जुळत नाही म्हणून भांडं बदलतो. २६ जुलै २००५ चं उदाहरण घ्या, मुंबईत पाणी भरलं २६ तारखेला, पण सांताक्रूझचा तो ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे. आणि त्याच वेळी कुलाब्याला किती होता? ७३. एकाच शहरात. जिल्ह्याचा आकडा बघून आपल्या अंगणाबद्दल बोलायचं नाही ते याच्यासाठी.

पाऊस नसेल तर ० लिहा. नुसते थेंब पडले, भांडं ओलं झालं पण तोलण्याइतकं काही नाही, तर "थेंब" लिहा. बाहेरगावी होतात तर रेघ मारा, परत आल्यावर तीन दिवसांचं एकत्र तोला आणि कंसात "३ दिवसांचा" असं लिहा, अंदाजाने वाटून टाकू नका, कुणी बघत नसलं तरी. रिकामी जागा आणि शून्य या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडे जमले की खात्याची भाषा कळायला लागते. २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो "पावसाचा दिवस". ६४.५ च्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार, आणि बातमीत "मुसळधार" म्हटलं तर त्याला काही माप नाही, ते बातमीदाराच्या छत्रीवर अवलंबून असतं.

नक्षत्रांबद्दल एक. घरातली जुनी माणसं मृग, आर्द्रा, पुष्य, हस्त असंच बोलतात आणि हौशी हवामानवाले त्यावर हसतात. हसू नका. वाहन कोल्हा आहे की बेडूक हे पंचांगाचं गणित आहे, त्यावरून पाऊस ठरत नाही, ते मीही मानत नाही. पण नक्षत्र म्हणजे साधारण साडेतेरा दिवसांचा कप्पा आहे आणि सूर्यावर बांधलेला असल्यामुळे दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतो, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. महिन्याची बेरीज फार मोठी होते, आठवड्याची फार छोटी. मी नक्षत्रवार बेरीज करतो आणि तेव्हा आजोबांच्या पिढीचं बोलणं आणि माझे आकडे एका तराजूत बसतात, "पडतील स्वाती, पिकतील मोती" म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या त्या पंधरवड्यात रब्बीच्या ज्वारीला मिळणारी ओल, एवढा सरळ हिशोब आहे तो.

दाब, आणि एक गड ३० मीटर कसा वाढला

बऱ्याच फोनमध्ये आता दाब मोजायचा सेन्सर असतो, फुकटचं अॅप टाकलं की हेक्टोपास्कलमध्ये आकडा दिसतो. नवीन माणूस काय करतो, दुपारी चारला बघतो, दाब सकाळपेक्षा तीन-चारने उतरलेला, आणि ग्रुपवर टाकतो की वादळ येतंय. वादळबिदळ काही नाही. आपल्याकडे दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या आसपास आणि रात्री दहाच्या आसपास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखं रोज होतं. त्यामुळे दाब रोज एकाच वेळेला लिहा, पावसाबरोबर साडेआठला लिहिला की बास, आणि काल साडेआठ आणि आज साडेआठ यांची तुलना करा.

हे मी शिकलो ते दगडांमुळे. एका गडावर चढताना कड्यात लाल मातीचा पट्टा दिसला, सकाळी दहाला त्याची उंची फोनवर घेतली, वर गेलो, भाकरी खाल्ली, झोपलो, आणि चारच्या सुमारास त्याच वाटेने उतरताना तोच पट्टा तीसेक मीटर वर सरकलेला. फोन उंची काढतो दाबावरून, साधारण १ हेक्टोपास्कल कमी झाला की नऊएक मीटर वर गेलात असं तो समजतो, दुपारची ओहोटी त्याला काय माहीत. तेव्हा उंची घ्यायची असेल तर पायथ्याला माहीत असलेल्या उंचीवर सेट करा आणि दीड-दोन तासांनी पुन्हा ओळखीच्या जागी जुळवा. आपल्या सगळ्या उंच्या चुकल्या होत्या हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

वारा बघायचा तो खालच्या ढगांवरून, जमिनीवर बिल्डिंगा आणि टेकड्या त्याला वळवतात. मान्सून लागला की खालचे ढग पश्चिमेकडून धावत असतात, वळीव आणि परतीचा पाऊस मात्र दुपारनंतर बऱ्याचदा उगवतीकडून चढून येतो, गडगडाटासकट. ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला की समजायचं तो पूर्ण वाढलाय. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर निरीक्षण बंद, घरात जा, झाडाखाली नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं अॅप आहे, आजूबाजूला कुठे वीज पडतेय ते दाखवतं, डोंगरात जाणाऱ्याच्या फोनमध्ये ते असायलाच पाहिजे.

आता उजवं पान

आपण ज्यावर उभे आहोत तो बहुतेक महाराष्ट्र म्हणजे लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर पसरत गेला, आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो उरलाय आणि घाटाकडे सगळे थर मिळून दोनएक किलोमीटर जाड भरतात. डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला, आणि कुठल्याही डोंगराकडे लांबून बघितलं तर पायऱ्याच दिसतात, कडा, मग उतार, मग कडा, मग उतार.

पहिला धडा लांबूनच घ्यायचा. समोरच्या डोंगराचं पेन्सिलने चित्र काढा, चांगलं नको, फक्त कडे आणि उतार. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळल्यावर थर स्वच्छ दिसतात, आणि पावसाळ्यात धबधबे कुठे टप्पा घेतात ते बघा, टप्पा तिथे कठीण थर.

मग जवळ जा. एक थर खालून वर वाचायचा. खालचा आणि मधला भाग घट्ट, काळा, हातोडी मारली तर टण् असा आवाज. वर जाल तशी भोकं वाढतात, लाव्ह्यातला वायू वर चढून तिथे अडकला त्याची ती घरं. वरचं टोक एकदम भोकाळ, मऊ. आणि त्याच्यावर कधीकधी विटकरी लाल मातीचा पट्टा, दोन बोटांपासून दोन हातांपर्यंत. हा पट्टा म्हणजे एक थर थंड झाल्यावर दुसरा यायच्या आधी मधे गेलेला वेळ, तेवढ्यात दगड कुजून माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. लाल पट्टा दिसला की वहीत उंची लिहा (वरची गोष्ट आठवा), कारण तोच पट्टा पुढच्या डोंगरात त्याच उंचीला सापडला तर थर आडवे आहेत हे तुम्ही स्वतः सिद्ध केलंत.

नावं विहीर खणणाऱ्यांकडून शिका. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, हे शब्द त्यांनी पाणी लागतं की नाही यावरून पाडलेत. मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा हाच आपला काळा दगड), पाणी धरतो. मांजऱ्या म्हणजे तो भोकाळ, पांढरे ठिपके भरलेला मऊ खडक. काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय हलत नाही, आणि त्याला भेगा असतील तरच पाणी. कोकणात आणि पठारांच्या माथ्यावर जांभा, त्याचे चिरे काढतात, पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार याच जांभ्याच्या टोप्या आहेत.

पांढरे ठिपके, स्फटिक सापडले की लोक सरसकट गारगोटी म्हणतात. तीन परीक्षा करा. काचेच्या बाटलीवर ओढा, ओरखडा उठला तर क्वार्ट्झ म्हणजे खरी गारगोटी. नाही उठला तर थोडी भुकटी करा आणि व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर कॅल्साइट. तेही नाही आले, आणि मोत्यासारखी चमक असून पंख्यासारखा किंवा पेंढीसारखा पसरलाय, तर स्टिल्बाइटसारखा झिओलाइट (लाव्ह्याच्या भोकांत वाढणाऱ्या खनिजांपैकी एक) असण्याची शक्यता दांडगी. फोडाफोडी फक्त खाणीत पडलेल्या ढिगाऱ्यात आणि तीही विचारून. गड, लेणी, राखीव जंगल इथे हातोडी पिशवीतून बाहेर काढायचीच नाही, फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. कंपास कातळावर टेकवून वाचू नका, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतो, सुई भरकटते, कमरेच्या उंचीवर धरा. पोरांना दाखवायचं असेल तर नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवा, काळी दाढी येते त्याला.

भूकोश नावाच्या सरकारी पोर्टलवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे मोफत बघता येतात, पण आधी स्वतः फिरा आणि मग नकाशा उघडा, उलटं केलं की नकाशात लिहिलंय तेच डोळ्यांना दिसायला लागतं. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, निघोजचे रांजणखळगे, लोणारचं विवर ही ठिकाणं बघाच, पण ती सुट्टीची. रोजचा अभ्यास घरामागच्या टेकडीचा.

दोन्ही पानं जोडायची

गावातली एक विहीर ठरवा, जिच्यावर मोटर कमी चालते ती. दोराला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा, खाली दगड बांधा, कठड्यावर एक खूण करा आणि दर रविवारी सकाळी खुणेपासून पाण्यापर्यंत किती ते मोजा. उपसा सुरू असताना नाही. उजव्या पानावर तो आकडा, डाव्या पानावर आठवड्याचा पाऊस.

पहिल्या पावसाळ्यातच गंमत दिसेल. जूनमध्ये शंभर मिलिमीटर होऊनही विहीर ढिम्म हलत नाही, काळ्या मातीच्या भेगा आणि कोरडा मुरूम आधी पिऊन घेतात, आणि मग जुलैत त्याहून कमी पावसाला ती सरसर चढते. मुरमातली विहीर लवकर चढते आणि लवकर उतरते. शेजारच्या दोन विहिरींचं वागणं वेगळं निघालं तर तुमचं मोजमाप चुकलंय असं धरू नका, खाली थर कुठला आहे ते बघा, रिकाम्या विहिरीच्या भिंतीत मे महिन्यात तो सरळ दिसतो. झऱ्यांचंही तसंच, पावसाळ्यानंतर डोंगरात झरे एका ओळीत, एकाच उंचीला पाझरताना दिसले तर तिथे जाऊन बघा, बऱ्याचदा लाल पट्टा किंवा दोन थरांचा सांधा असतो, पाणी वरून झिरपत येतं, तिथे अडतं आणि आडवं बाहेर पडतं. झरा आटला त्या तारखेची नोंद माझ्या लेखी वहीतली सगळ्यात मोलाची नोंद.

याच जोडणीची दुसरी बाजू वाईट आहे. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, तिन्ही ठिकाणी दरड वस्तीवर आली, तिन्ही ठिकाणी उभा उतार आणि दिवसरात्र पडलेला पाऊस. घट्ट कातळावर बसलेली माती-मुरमाची गोधडी पाण्याने जड झाली की घसरते. सलग दोन-तीन दिवस तुमच्या बाटलीत शंभराच्या वर आकडे येत असतील आणि घर किंवा वाडी उताराखाली असेल तर डोंगराकडे दिवसाउजेडी लांबून लक्ष ठेवा: नवीन भेग, तिरकी झालेली झाडं किंवा खांब, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी, किंवा वाहता झरा एकाएकी बंद. यातलं काहीही दिसलं तर आधी माणसं हलवायची आणि १०७७ वर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला कळवायचं. भेग जवळून बघायला वर चढायचं नाही, फोटोसाठी तर अजिबातच नाही.

सुरुवात कधी करायची असं विचारलंत तर उन्हाळ्यात. मेच्या मध्यावर बाटली मांडून ठेवा म्हणजे वळीव चुकत नाही, आणि त्याच आठवड्यात विहिरीत दोर सोडा, तळाला पाणी असताना घेतलेलं ते पहिलं माप पुढच्या सगळ्या मापांचा पाया असतं. पुण्याला मान्सून यायची सरासरी तारीख १० जून, मुंबईला ११, तोवर निदान तीन रविवार हातात मिळतात. दोर सुती घेऊ नका, भिजला की आखडतो आणि मग गाठी सगळ्या सरकलेल्या असतात.